पंचांवर खापर फोडायची सोय बंद करा : ग्रीसच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
ग्रीस सरकार, अथेन्स

विषय : ग्रीक फुटबॉल लीगमधली न्यायाची धरसोड

महोदय,
स. न. वि. वि.

मी कोकणातला. जहाजावर इंजिनीअर म्हणून नोकरी केली आणि त्यातला मोठा काळ ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेला. ग्रीक माणसांबरोबर इंजिनरूममध्ये राहिलं की त्यांचं फुटबॉल आपसूक अंगी लागतं. आजूबाजूला बहुतेक पिरेयस बंदराचे, म्हणजे तिथल्या ऑलिंपियाकोस क्लबचे लोक होते. मी मात्र अथेन्सच्या पनाथिनाइकोस क्लबचा झालो तो झालोच. किनाऱ्यावर कायमचा उतरलो तरी हिरव्या जर्सीचा सामना चुकवत नाही. पत्र मराठीत लिहितोय, कारण युरोपातलं फुटबॉल जागून पाहणारे इथेही पुष्कळ आहेत आणि त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

आधी घरचं सांगतो. १९७१ साली वेम्बलीवर युरोपियन कपची अंतिम लढत खेळलेला हा क्लब. २०१० मध्ये त्याने लीग आणि कप दोन्ही जिंकले आणि त्यानंतर लीग एकदाही हाती लागली नाही. २०२२-२३ मध्ये धडाक्यात सुरुवात केली, कित्येक महिने वर राहिला आणि अखेर विजेतेपद अथेन्सच्याच एईके क्लबने नेलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मार्सेलसारख्या संघाला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पेनल्टींवर घरी पाठवलं, पण डिसेंबर उजाडेपर्यंत प्रशिक्षक योव्हानोविच बाहेर. मग फातिह तेरिम आले आणि मे २०२४ मध्ये गेले. तो हंगामही लीगमध्ये चौथ्या क्रमांकावर संपला. पुढे दिएगो अलोन्सो, ते शरद ऋतूतच गेले. मग रुई व्हिटोरिया, तेही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गेले. ऑक्टोबरात राफा बेनिटेझ. दोन वर्षं पुरती भरली नाहीत, तोवर पाच प्रशिक्षक झाले आणि मधल्या फटी हंगामी माणसाने भरल्या. इटलीच्या फिओरेंतिनाला अथेन्समध्ये ३-२ हरवायचं आणि आठवड्याने तिकडे जाऊन ३-१ हरून बाहेर पडायचं, असा हा संघ आहे. यातलं काहीही कुठल्या पंचाने केलेलं नाही.

पण हे आमच्या लोकांसमोर बोलून बघा. पाचव्या मिनिटाला गाडी पंचांवर येते. पेनल्टी दिली नाही, लाल कार्ड खिशातच राहिलं, समोरच्या क्लबच्या मालकाचा हात लांबपर्यंत पोचतो. थेस्सलोनिकीच्या पाओक क्लबवालेही हेच म्हणतात, एईकेवालेही, ऑलिंपियाकोसवालेसुद्धा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि मंत्रीमहोदय, मला त्यांना गप्प करता येत नाही, कारण त्यांच्या संशयाला आधार आहे. माझी तक्रार नेमकी हीच आहे. तुमच्या लीगमधला न्याय इतका डळमळीत आहे की आमच्या क्लबच्या संचालकांना कुणी जाबच विचारत नाही. कुठलाही पराभव पंचांच्या खात्यावर टाकता येतो.

संशय कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको. २०११ मध्ये सामने ठरवून खेळल्याचं प्रकरण फुटलं, ऑलिंपियाकोस वोलू आणि कवाला हे दोन क्लब खाली ढकलले गेले. २०१४ मध्ये पंच समितीच्या एका पदाधिकाऱ्याला भर दिवसा मारहाण झाली. २०१६ मध्ये समितीच्या अध्यक्षांचं सुट्टीतलं घर जाळलं. दोन्ही वेळा लीग थांबवावी लागली. ज्या देशात पंच नेमणाऱ्याचं घर पेटतं, तिथे शिट्टी वाजवणाऱ्याने निर्भयपणे वाजवावी ही अपेक्षा कशी करायची?

शिक्षांचं बघा. २५ फेब्रुवारी २०१८, थेस्सलोनिकीचं तूंबा मैदान, पाओक विरुद्ध ऑलिंपियाकोस. सामना सुरूही झाला नव्हता. प्रेक्षकांतून कागदाची गुंडाळी आली, दुकानात बिल छापायच्या यंत्रात घालतात तशी, आणि ऑलिंपियाकोसचे प्रशिक्षक ऑस्कर गार्सिया यांच्या तोंडावर बसली. सामना रद्द. पाओकचे तीन गुण कापले. पाओकने अपील केलं आणि ११ मार्चला एईकेशी सामना असताना त्याच्या आदल्या दिवशी ते तीन गुण परत मिळाले. ११ मार्चला तूंबावरच गोलफलक कोरा असताना अगदी शेवटी पाओकच्या वरेलाने गोल केला, तो ऑफसाइड ठरला आणि पाओकचे मालक कमरेला पिस्तूल लावून मैदानात उतरले. ते छायाचित्र जगभर गेलं. सरकारने लीग थांबवली. मालकांना तीन वर्षं मैदानबंदी झाली, पाओकचे पुन्हा तीन गुण कापले, सामना एईकेला दिला आणि विजेतेपदही एईकेने जिंकलं.

पिस्तुलाबद्दल झालेल्या शिक्षेवर मला आक्षेप नाही, ती आणखी कडक असती तरी चालली असती. माझा आक्षेप त्या दिवसांतल्या कारभारावर आहे. गुण काढले, दिले, पुन्हा काढले. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या क्लबला आपण नक्की किती गुणांवर उभे आहोत हे मैदानात उतरण्याच्या आदल्या दिवशी कळतं. कुठल्या गुन्ह्याला काय शिक्षा हे छापील कोष्टकात असतं आणि निकाल ठरल्या दिवसांत लागला असता, तर त्या रात्री तूंबावर निदान एवढा राग साठला नसता.

२२ ऑक्टोबर २०२३ ला पिरेयसच्या कराइस्काकिस मैदानावर आमचा खेळाडू हुआनकार याच्याजवळ फटाका फुटला. सामना १-१ वर थांबला आणि पुढे ३-० असा आमच्या नावावर केला गेला. फटाका फेकणाऱ्यांची बाजू कुणी घेणार नाही. पण त्या तीन गुणांचा मला आनंद झाला नाही. फुटबॉल अर्धं उरलं होतं आणि ते मला बघायचं होतं.

हे फुटबॉल महासंघाच्या कक्षेतलं झालं. आता सरकारकडे वळतो.

जानेवारी २०२० मध्ये व्यावसायिक क्रीडा आयोगाने पाओक आणि झांथी या दोन क्लबांची मालकी एकमेकांत गुंतलेली असल्याचा ठपका ठेवला आणि दोघांना खालच्या श्रेणीत पाठवण्याची शिफारस केली. तेव्हाच्या कायद्यात तीच शिक्षा होती. काही दिवसांत सरकारने संसदेत दुरुस्ती आणली आणि पदावनतीच्या जागी गुणकपात आली. आधीची शिक्षा फार जाचक होती हे मला पटतं. एका मालकाच्या व्यवहारासाठी आख्ख्या शहराचा क्लब का बुडवायचा? पण मग ती दुरुस्ती हंगाम संपल्यावर, पुढच्या हंगामासाठी करायची. सामने चालू, गुणतक्ता चालू, आरोपी समोर उभा आणि त्याच वेळी कलम बदललं, तर उरलेल्या बारा क्लबांच्या पाठीराख्यांनी काय समजायचं?

आणि डिसेंबर २०२३. रेंतीच्या हॉलमध्ये ऑलिंपियाकोस-पनाथिनाइकोस व्हॉलीबॉल सामन्याच्या वेळी एका ३१ वर्षांच्या पोलिसाच्या मांडीत फ्लेअर, म्हणजे जळती नळकांडी, घुसला आणि वीस दिवसांनी तो दगावला. त्याआधी ऑगस्टमध्ये नेआ फिलादेल्फियात एईकेचा पाठीराखा मारला गेला होता, त्याच्याही आधी, २०२२ मध्ये, थेस्सलोनिकीत १९ वर्षांचा मुलगा, निव्वळ कुठल्या संघाचा आहेस या प्रश्नावरून. सरकारने काहीतरी करणं भागच होतं. पण केलं काय? दोन महिने लीगची सगळी मैदानं प्रेक्षकांना बंद. सुक्याबरोबर ओलंही जळालं. आग्रिनियोच्या पानेतोलिकोसचा किंवा लामियाचा त्या हॉलशी काय संबंध होता? बाप-लेक येऊन बसतात असे ते क्लब. मोठ्यांना दोन महिन्यांच्या तिकिटांची झळ सोसता येते, छोट्यांना नाही. त्यानंतर कॅमेरे आणि मोबाइलवरचं नावानिशी तिकीट आलं, ते मात्र योग्य केलंत. माणूस ओळखता आला की माणसाला शिक्षा करता येते. आता व्यवस्था हाताशी आहे, तर पुन्हा सरसकट कुलूप लावू नका.

परदेशी पंचांबद्दलही बोलायला हवं. मोठ्या चौघांच्या, म्हणजे ऑलिंपियाकोस, पनाथिनाइकोस, एईके आणि पाओक यांच्या, आपसांतल्या सामन्यांना (डर्बींना) बाहेरून पंच आणायची पद्धत पडली आहे. तुमचे पंच तासोस सिदिरोपुलोस यांनी चॅम्पियन्स लीगमध्ये दुसऱ्या देशांच्या बलाढ्य क्लबांचे सामने सांभाळले आहेत, मग घरच्या डर्बीसाठी ग्रीक पंच का चालत नाही? शिवाय विजेतेपद फक्त डर्बीत ठरत नाही. छोट्या क्लबाच्या मैदानावर मिळालेले तीन गुण कराइस्काकिसवर मिळालेल्या तीन गुणांइतकेच असतात. तिथे चुकलेली पेनल्टी छोट्या क्लबला खालच्या श्रेणीत ढकलू शकते, पण तिच्यावर रात्रभर चर्चा होत नाही.

महासंघाच्या कारभारात सरकारने बोट घातलं की काय होतं हे मला ठाऊक आहे. २००६ च्या जुलैमध्ये फिफाने याच कारणावरून ग्रीसला निलंबित केलं होतं. आम्ही भारतीयांनीही २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती शिक्षा भोगली. म्हणून तुमच्या अधिकारात नसलेलं काही मागत नाही. हंगाम सुरू झाला की क्रीडा कायद्यातली शिक्षेची कलमं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बदलणार नाहीत, हे कायद्यातच लिहा. पंच आणि त्यांच्या कुटुंबांना धमकावणाऱ्यांचे खटले लवकर निकाली निघतील अशी तजवीज न्यायमंत्र्यांकडून करून घ्या. एका गटाने केलेल्या गुन्ह्यासाठी बाकीच्या क्लबांची मैदानं बंद होणार नाहीत, असं जाहीर करा. आणि पुढच्या वेळी महासंघाच्या लोकांबरोबर बसाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. शिस्त समितीचा निकाल आणि त्यामागची कारणं ठरल्या मुदतीत सगळ्यांना वाचायला का मिळू नयेत? आणि व्हीएआरचं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांचं, संभाषण प्रत्येक सामन्याचं, छोट्या क्लबांच्या सामन्यांसकट, का ऐकायला मिळू नये?

हे झालं तर आमच्या संचालकांना पंचांच्या आड लपता येणार नाही. मग आम्ही त्यांना विचारू की दोन वर्षांत पाच प्रशिक्षक का लागले, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू.

कळावे,
आपला,
पनाथिनाइकोसचा एक पाठीराखा
रत्नागिरी