नाशिकच्या फ्लॅटचं भाडं पण इन्कममध्ये धर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

रविवारी फोनवर तू जाम भडकला होतास, "बाबा सरकारचे पैसेच नकोत, आधी देतात मग परत मागतात", तेव्हा मी गप्प बसलो कारण बाजूला तुझी आई होती आणि तिला नातीचं तोंड बघायचं होतं. म्हणून आता निवांत लिहितोय, मोबाईलवर टाइप करतोय तेव्हा चुका सांभाळून घे.

मी बावीस वर्षं तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचं टेबल सांभाळलंय, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला ही काय चीज आहे ते मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे माणूस झालेल्या उत्पन्नाचा दाखला आणायचा. तुमच्या ऑस्ट्रेलियातलं सेंटरलिंक, म्हणजे सरकारी मदत देणारं खातं, उलटं, ते विचारतं यंदा तुम्ही नवराबायको मिळून किती कमावणार, त्या अंदाजावर चाइल्ड केअर सबसिडी, म्हणजे पाळणाघराच्या फीतली सरकारी मदत, चालू होते आणि ३० जूनला वर्ष संपलं, दोघांचे टॅक्स रिटर्न भरले गेले की खऱ्या आकड्यावर हिशोब मिटवतात. तुला आलेलं ते १,४०० डॉलर परत भरा म्हणणारं पत्र म्हणजे दंड नाहीये रे. अंदाज तू जुलैत टाकलास, सूनबाई फेब्रुवारीत कामावर गेली, तुला बोनस मिळाला, आणि मायगव्ह, म्हणजे सरकारी सेवांच्या ऑनलाइन खात्यातला, आकडा मात्र जुलैचाच! एका मर्यादेनंतर उत्पन्न ५,००० डॉलरने वाढलं की सबसिडी १ टक्का उतरते, मग वर्षभर जास्तीची घेतलेली परत जाणारच. दोन मिनिटांचं काम आहे, पगार बदलला की त्याच दिवशी आकडा बदलायचा, आणि थोडा चढाच टाकायचा, जास्त कापलं गेलं तर वर्षअखेरीला मिळतं की. सबसिडीतले ५ टक्के ते याचसाठी मागे ठेवतात, हवे तर जास्त ठेवा म्हणूनही सांगता येतं.

आता मुद्द्याचं. नाशिकच्या फ्लॅटचं भाडं तू तिकडे दाखवलंयस का? वर्क व्हिसावर होतास तोवर इथलं उत्पन्न तिकडे दाखवायची गरज नव्हती, तेच डोक्यात बसलं असणार. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, झालं की जगात कुठेही कमावलेलं धरावं लागतं, भाडं धर, इथल्या एनआरओ बँक खात्याचं व्याज धर, इथे भाडेकरूने टीडीएस कापला म्हणजे सुटलो असं नाही, त्याचं क्रेडिट तिकडे मिळतं ते वेगळं. आणि तोच आकडा सबसिडीच्या इन्कममध्येही येतो. महिन्याचे १८,००० रुपये तुला किरकोळ वाटतील पण लपवलं असं दिसायला किरकोळच पुरतं.

सरकार चुकत नाही असं मी म्हणत नाही हां. तिथल्या रोबोडेट नावाच्या कॉम्प्युटरी वसुलीत सरकारने वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखं वाटून लोकांच्या नावावर कर्ज दाखवलं, ज्याने चारच महिने काम केलं त्याचाही तोच हिशोब, शेवटी रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, बसलं आणि २०२३ मध्ये रिपोर्टात वाभाडे निघाले. म्हणून पेस्लिपा जपून ठेव, फेकू नकोस. आणि मायगव्हच्या नावाने लिंकवाला मेसेज आला तर उघडायचाच नाही.

पण "नकोच" हे काय? शेजारच्या काकांनी परवा विचारलं, तिकडे पण लाडकी बहीण आहे का, मी म्हटलं अहो तिकडे पैसे आईबापाच्या हातात येत नाहीत, थेट पाळणाघराला जातात आणि आईबाप वरचे भरतात. शिवाय ५ जानेवारी २०२६ पासून सबसिडीवाल्या घरांना पंधरवड्याचे ७२ तास मिळतातच, कामाचे तास मोजत नाहीत, तेव्हा तासांसाठी म्हणून सूनबाईने जास्तीच्या शिफ्ट घ्यायची गरज नाही. टॅक्स भरता ना दोघं? मग लाज कसली.

डिसेंबरात येताय तर आई म्हणते दोन महिने राहा. सहा आठवड्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की या पैशांवर परिणाम होतो, ते तिला तूच सांग, मी सांगून बघितलं, दोन दिवस चहा बिनसाखरेचा मिळाला.

इथलं वर्ष एप्रिल ते मार्च, तुमचं जुलै ते जून, बँकेचं सर्टिफिकेट तुझ्या कामाचं नाही. मी काल पासबुक भरून आणलंय, जुलै ते जून महिन्यामहिन्याचं भाडं, मेंटेनन्स, घरपट्टी वहीत वेगळं काढतोय, शनिवारी फोटो पाठवतो.

तुझे बाबा