पाहुणा लढवय्या आणि त्याची मूळ मालिका

महोदय,

एखाद्या मालिकेचे पात्र दुसऱ्या व्हिडिओ गेममध्ये पाहुणे म्हणून आले की चर्चा बहुधा त्याच्या पेहरावाची आणि तलवारीचीच होते. रोल-प्लेइंग, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याच्या, मालिकांच्या बाबतीत हा निकष तोकडा पडतो, कारण तिथली लढाई पारंपरिकरीत्या बोटांच्या चपळाईपेक्षा यादीतून आज्ञा निवडण्यावर चालत आली आहे.

२०१९ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या लढतीच्या गेममध्ये दाखल झालेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या रोल-प्लेइंग मालिकेचा नायक या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मालिकेत नायक बदलत असल्याने तिसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि अकराव्या भागांतले चौघे एकाच लढवय्याची रूपे म्हणून देण्यात आले. त्याने आज्ञांची चौकट उघडली की चार मंत्र समोर येतात, तेही दर वेळी नशिबाने ठरणारे; सामना थांबत नाही, प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असतानाच यादी वाचून निवड करायची आणि मंत्रशक्ती, म्हणजे मंत्रागणिक खर्च होणारा साठा, उरली आहे ना, हेही पाहायचे. नशिबावरचा हा भार काही स्पर्धकांना खटकला, आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. तरीही नशिबाचा भाग वगळला असता तर उरला असता तो आणखी एक तलवारबाज.

‘टेकन ७’ या लढतीच्या गेममध्ये २०१८ साली आलेला ‘फायनल फँटसी १५’ या रोल-प्लेइंग गेमचा नायक नॉक्टिस दिसायला देखणा, त्याची शस्त्रफेकही अस्सल, पण मंत्रशक्ती जपून खर्चण्याचा हिशेब तिथे नाही, आणि मला तो उणा वाटतो.

आपला,
एक वाचक