सातच्या पानावर आठ बदकं

संपादक महोदय,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवरचा लेख वाचला. काल दिवसभर लिहू का नको असं चाललं होतं, रात्री झोप आली नाही म्हणून आज सकाळीच बसलोय. लेखिका बाईंचं बाकी सगळं पटलं, पोराला मांडीवर घ्या, रोज थोडं वाचा, मोबाईल लांब ठेवा, यात काही वाद नाही. पण शेवटी त्या म्हणतात की पुस्तक कुठलं आहे याला फार महत्त्व नाही, रंगीत चित्रं असली की झालं, मूल आपोआप मोजायला आणि वाचायला लागतं. हे वाक्य छापायच्या आधी कोणी थांबून विचार केला नाही का? मला ते फार लागलं, आणि का लागलं ते सांगतो.

मी मिरजेचा. छापखान्यात बाइंडिंगला ३१ वर्षं काढली. पावती पुस्तकं, वह्या, दिवाळी अंक आणि दर उन्हाळ्यात शाळा सुरू व्हायच्या आधी अंकलिप्या. म्हणून या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो.

नात साडेचार वर्षांची होती तेव्हा प्रदर्शनातून तिला मोजणीचं एक पुस्तक आणलं. १८० रुपये. जाड पानं, गुळगुळीत कागद, रंग एकदम झकास. एक सूर्य, दोन मांजरं, तीन फुगे असं दहापर्यंत. ती नुकतीच बोट ठेवून मोजायला लागली होती. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांना माहितीये ते किती अवघड असतं. एक ते दहा घडाघडा म्हणणं म्हणजे मोजणं नाही, ते तर बडबडगीतासारखं पाठ होतं. मोजायचं म्हणजे एका वस्तूला एकच आकडा, बोट आणि तोंड बरोबर चाललं पाहिजे, आणि सुरुवातीला काय होतं, बोट अजून तिसऱ्यावर असतं आणि तोंड पाचवर पोचलेलं असतं. ते जमलं की मग पुढची पायरी, शेवटी जो आकडा आला तेवढ्या वस्तू आहेत हे कळणं. आमची ही पाच चमचे नीट मोजायची, पण "मग किती चमचे आहेत?" विचारलं की परत एकपासून सुरू. दोन-तीन महिने असंच. आणि एक दिवस गच्चीवर कपड्यांचे चिमटे मोजता मोजता एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, सहा आहेत." मी खाली येऊन घरात सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर आठवडाभरात हे पुस्तक आलं. सातच्या पानावर तळं, तळ्यात बदकं, कोपऱ्यात मोठा ७. तिने बोट ठेवून मोजली, आठ. परत मोजली, आठ. मग मी मोजली, आठच. सात मोठी आणि एक लहान, लव्हाळ्याच्या आडून अर्धं बाहेर आलेलं. मी म्हटलं बाळा तुझं बरोबर आहे, पुस्तक चुकलंय. पण पुस्तक चुकतं हे त्या वयाला कसं पटणार, छापलेलं आहे ना. दुसऱ्या दिवशी ती ते बालवाडीत घेऊन गेली. तिथं तिला सांगितलं गेलं की ७ लिहिलंय म्हणजे सातच असणार, तू नीट मोज. बाईंना मी फार दोष देत नाही, एका खोलीत ४० पोरं असतात.

चार दिवसांनी मी बघतो तर ती एकटीच पुस्तक घेऊन बसलेली. सातचं पान काढलं, डावा तळहात त्या लव्हाळ्यातल्या बदकावर घट्ट दाबून ठेवला आणि उजव्या बोटाने राहिलेली मोजली. सात. म्हणाली, "आलं बरोबर."

संपादक साहेब, दोन वर्षं झाली, तो हात माझ्या डोळ्यापुढून जात नाही. आणि ते तेवढ्या एका पानावर थांबलं नाही. त्यानंतर ती कुठलंही पान काढलं की आधी कोपऱ्यातला आकडा बघायची आणि मग मोजणी त्याला जुळवायची, एखादं फूल गाळायची, नाहीतर एखादं दोनदा मोजायची. जे चिमट्यांवर स्वतःचं स्वतः शिकली होती ते या पुस्तकाने काढून घेतलं. ते पुस्तक मी कपाटात वर ठेवून दिलं आणि परत चिमटे, जिन्याच्या पायऱ्या, चिंचोके. चार-पाच महिने लागले परत रुळावर यायला.

प्रकाशकाला फोन केला होता. नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. पलीकडचा माणूस तसा नीट बोलला, पण काय बोलला, "आजोबा, इतकं बारीक कोण बघतंय, पोरांना चित्र आवडतंय ना?" मग म्हणाला पुढच्या आवृत्तीत बघू. गेल्या वर्षी त्याच प्रदर्शनात पुढची आवृत्ती मिळाली. कव्हर नवीन, किंमत २२० आणि बदकं आठ. मी तिथं उभं राहून तीनदा मोजली.

हे होतं कसं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं चित्रकार चुकला. बहुतेक वेळा तसं नसतं. चित्रकार सात काढून देतो, मग पान लावणाऱ्याला कोपरा मोकळा दिसतो, तो एक बदक उचलून लहान करून तिथं चिकटवतो, कॉम्प्युटरवर अर्ध्या मिनिटाचं काम. प्रूफ वाचणारा अक्षरं वाचतो, बदकं कोण वाचणार? आणि उलटही होतं. जोडपानावर चित्र पसरलेलं असतं आणि एक पक्षी बरोबर मधल्या घडीत येतो, शिलाईत अर्धा जातो, दहाचे नऊ होतात. नाहीतर कडेचा मासा कटिंगमध्ये जातो, नुसती शेपटी उरते, आता ती शेपटी मोजायची का नाही हे चार वर्षांच्या पोराने ठरवायचं. काही पुस्तकात तर पाच आंब्यांच्या पानाभोवती नक्षी म्हणून आंब्यांचीच माळ. आणि मोठा ७ ज्या पानावर, त्याच पानावर खाली बारीक पान क्रमांक ११. मोजायला शिकवायच्या पुस्तकात पान क्रमांक हवेत कशाला?

आमच्या छापखान्यात एकदा अंकलिपीत दहाव्या ओळीतला एक पेरू कटिंगमध्ये गेला होता. फोरमनच्या लक्षात आलं तोपर्यंत अख्खा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची सगळी पानं, छापून झालेला. मालक चिकट माणूस, कागदाचा कपटा वाया गेलेला चालायचा नाही, पण त्यांनी तो फर्मा रद्दीत घातला आणि परत छापला. तेव्हापासून नियम, अंकलिपीचं प्रूफ आलं की दोघांनी वेगवेगळं बोट ठेवून मोजायचं आणि मागे सही करायची. ती अंकलिपी दोन-तीन रुपयाला विकली जायची.

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला वीस एक असंही म्हणायचं आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं. मला स्वतःला वीस एक आवडलं नव्हतं, अजूनही नाही. पण बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाई तेव्हा जे सांगत होत्या ते निदान मुलाच्या बाजूने होतं, पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा असतो, त्यात पोरं गोंधळतात. माझ्या पोराने कितीदा पंचवीसचे ५२ केले होते. तर सांगायचं म्हणजे बालभारतीच्या पुस्तकावर अख्खा महाराष्ट्र बोलतो, पण शाळेत जायच्या आधी पोराच्या हातात जी पुस्तकं पडतात ती कोण तपासतं? २०२१ पासून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान चाललंय, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित करता आलं पाहिजे असं ठरलंय. चांगलंच आहे. पण पाया घरी भरला जातो आणि तिथं आठ बदकं.

वाचनाच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. ए एडक्याचा. नातीला चित्र दाखवलं, ती म्हणाली शेळी. म्हणजे ए ला आता श म्हणणार. ऐ ऐरणीचा, तिला दिसतो हातोडा. उ उखळाचा, ती म्हणते वाटी. चूक पोराची नाही, चित्र असं पाहिजे की बघितल्यावर घरातला शब्द तोंडात आला पाहिजे. च ला तर दोन उच्चार, चहा वेगळा आणि त्यातला चमचा वेगळा, आणि एकाच पानावर दोन्ही शेजारी शेजारी काढून ठेवलेले मी बघितलेत. शिवाय आता फॉन्ट हिंदी वळणाचे, ल आणि श पोरांना पुस्तकात एक दिसतात आणि शाळेच्या फळ्यावर दुसरेच.

सगळीच पुस्तकं वाईट आहेत असं नाही हो. प्रथम बुक्ससारख्या प्रकाशकांनी मराठीत फार सुंदर आणि स्वस्त पुस्तकं काढलीत, २०१५ पासून त्यांची इंटरनेटवर फुकटही वाचता येतात. पण म्हणूनच म्हणतो, कुठलंही चालतं असं लिहू नका. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी पोरांना शंख-शिंपले, बिया, दगड घेऊन शिकवायच्या, कारण तेच पोरांच्या हाताशी होतं. चुकीच्या पुस्तकापेक्षा मूठभर चिंचोके बरे. आई-बाबांना एवढंच सांगा की विकत घ्यायच्या आधी दुकानात उभं राहून प्रत्येक पान बोट ठेवून मोजा, पाच मिनिटं लागतात. आणि कोणा प्रकाशकाला छापायच्या आधी प्रूफ मोजून हवं असेल तर मी मोजून देईन, पैसे नकोत, पत्ता तुमच्याकडे आहे.

आता विषय निघालाच आहे तर अजून एक. त्याच रविवारी तुमच्या बालपानावर ठिपके जोडा होतं. नात आता पहिलीत आहे. जोडत जोडत १७ पर्यंत आली आणि पेन्सिल थांबली. १९ समोर होता, २० होता, १८ कुठेच नाही. मी भिंग घेऊन शोधला, जाहिरातीच्या चौकटीखाली गेला असावा असं मला वाटतं. तिला म्हटलं जाऊ दे, जोड सरळ १९ ला. ती नाही म्हणाली. अजून तो कागद तसाच ठेवलाय तिने. १८ चा ठिपका कुठे होता ते येत्या रविवारी तेवढं छापा.

आपला,
एक निवृत्त बाइंडर, मिरज
(कृपया नाव छापू नये)