दुर्बीण लहान झाली, आता वेळ परवडू द्या

महोदय,

लाल बटुताऱ्यांवर, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्यांवर, उसळणाऱ्या ज्वालांचा मी अभ्यास करते. असा भडका कधी काही मिनिटांत विझतो, कधी तासन्‌तास चालतो आणि पुढचा केव्हा उठेल याचा नेम नसतो. त्यामुळे एकाच ताऱ्यावर आठवडेच्या आठवडे नजर ठेवावी लागते. जवळच्या ग्रहाचे वातावरण टिकेल का, हे ठरवण्यात भडक्यातल्या अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो. त्यातले बहुतेक किरण ओझोनच्या थरातच अडतात. जमिनीवरची दुर्बीण मग कितीही मोठी असो, तिचा इथे उपयोग नाही.

हबल या अवकाश दुर्बिणीला हे किरण दिसतात, पण 2.4 मीटर आरशाची दुर्बीण एका ताऱ्यासाठी महिनाभर कोण अडकवून ठेवेल? तसे मागणेही रास्त नव्हे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीकडे तर 2024 मध्ये उपलब्ध वेळेच्या सुमारे 9 पट मागणी आली होती.

हे काम लहान उपग्रहांचे आहे, आणि ते त्यांना जमते. 2017 मध्ये अवकाशात सोडलेला नासाचा ‘ॲस्टेरिया’ ब्रीफकेसएवढा होता. त्याने ‘55 कॅन्क्री ई’ हा आधीपासून माहीत असलेला ग्रह ताऱ्यासमोरून जाताना टिपला. उपग्रह थरथरला की त्यातला प्रकाशसंवेदक तेवढाच सरकवून ताऱ्याचे चित्र जागेवर धरले जाई. मोहीम 90 दिवसांची आखलेली. संपर्क तुटला तो डिसेंबर 2019 मध्ये. उलट फ्रान्सचा ‘पिकसॅट’ हा असाच लहान उपग्रह 2018 मध्ये काही आठवड्यांतच गप्प झाला. हा धोका मला मान्य आहे.

उपग्रह स्वस्तात बनला म्हणून संशोधकाला निरीक्षण स्वस्तात मिळते असे मात्र नाही. खरा खर्च पुढेच सुरू होतो. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो; त्यात तो उन्हातून सावलीत जातो, तापतो, थंड होतो, आणि ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात खोटाच चढउतार उमटतो. नवख्या विद्यार्थ्याला तो ज्वालेसारखा वाटू शकतो. तो वजा करून शुद्ध केलेली माहिती देण्यासाठी वर्षानुवर्षे माणसे लागतात. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री नेमकी त्यांच्यावर चालते, याची मला खंत वाटते.

नोव्हेंबर 2025 मध्ये ‘मोव्ह’ हा 13 सेंटिमीटर दुर्बिणीचा उपग्रह एका ब्रिटिश कंपनीने पाठवला. संस्थांनी वर्गणी भरायची आणि त्याची निरीक्षणे वापरायची. ताऱ्यांच्या ज्वाला हा त्याचा मुख्य विषय, म्हणून मला मनापासून आनंद झाला. पण जिथे एकच प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी आहेत, अशा विभागाने वर्गणी कोठून आणायची? चांगला प्रश्न सुचायला श्रीमंत संस्था लागत नाही.

म्हणून विज्ञानाला निधी देणाऱ्या सरकारी यंत्रणांना माझी विनंती आहे. अशा दुर्बिणींचा वेळ तुम्ही एकगठ्ठा विकत घ्या आणि अर्जदाराचे व संस्थेचे नाव झाकून, केवळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर वाटा. हबलचे अर्ज 2018 पासून असेच नावे झाकून तपासले जातात. करारातच दोन अटी घाला: शुद्ध केलेली माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली व्हावी, आणि ती शुद्ध करणाऱ्यांचा पगार उपग्रहाच्या मूळ खर्चातच धरलेला असावा.

– एक खगोल संशोधक