पायलट काढून ठेवलं तेव्हा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू तीनदा फोनवर म्हणालीस, "बाबा, घेऊ नकोस, नुसतं हातात घालून तर बघ," म्हणून शनिवारी कॅम्पात जाऊन आलो. आईही आली. म्हणाली, मी फक्त एसीत बसायला येते.

ते तुझं ओमेगाचं स्पीडमास्टर. मूळ घड्याळ 1957 चं, म्हणजे माझ्याच सालातलं. 2022 मध्ये त्यांनी ते त्या जुन्या रूपात पुन्हा काढलं. काळे हातमोजे घातलेल्या मुलानं ट्रे पुढे केला. मी माझं एचएमटी पायलट काढून त्यात ठेवलं. मखमलीवर ते अगदी गरीब दिसलं गं.

पहिलं काय दिसलं, तर रेडियम. काट्यांवर फिकट पिवळं, जुन्या वहीच्या कागदासारखं. 1957 साली घड्याळांना खरंच रेडियम लावत, ते वर्षानुवर्षं वापरून असं पिवळं पडायचं. आता सुपर-ल्युमिनोव्हा नावाचा अंधारात चमकणारा रंग लावतात, त्यात किरणोत्सर्ग वगैरे काही नाही, आणि पिवळेपणा कारखान्यातूनच देऊन ठेवतात. आप्पांनी नोकरी लागल्यावर दिलेल्या माझ्या पायलटचे आकडे असे व्हायला चाळीस वर्षं गेली. इथे जन्मतःच म्हातारपण! आई म्हणाली, तुमच्या नातवाची फाटकी जीन्स चालते ना, मग हे का नाही? यावर मी काय बोलणार.

मूळ घड्याळ 38.6 मिलिमीटरचं, हे 40.5 चं. ऐकायला फरक काहीच नाही, पण माझं मनगट तुला माहीत आहे, आईच्या बांगड्या चढतील. पट्ट्याचे कान दोन्ही कडांना टेकले आणि शर्टाची बाही वर सारावी लागली. शिवाय मूळच्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या होत्या, तारीख नव्हती. इथे दोनच, आणि खाली सहावर तारखेची खिडकी. जुनं करायचं तर पुरतं करावं. अर्थात हे मी त्या मुलाला बोललो नाही, तो फार अदबीनं वागत होता.

चावी मात्र द्यायला मजा आली. हाताने चावी द्यायचं घड्याळ, आत दोन स्प्रिंगा, एकदा पूर्ण भरली की 60 तास चालतं. माझं पायलट करकर वाजतं, हे बोटाखाली लोण्यासारखं फिरत होतं. तो म्हणाला, "द्या ना सर, पूर्ण द्या." दिली.

मग त्यानं बाहेरच्या कड्यावरचे आकडे दाखवले. त्याला टॅकीमीटर म्हणतात, वेग काढायचं माप. आधी हे आकडे तबकडीवरच असायचे. मोटार शर्यतवाल्यांना चटकन वाचता यावेत म्हणून ओमेगानं याच घड्याळात ते पहिल्यांदा कड्यावर आणले. तो समजावून सांगू लागला आणि मला एकदम कोल्हापूरची एसटी आठवली. तू चौथीत. खिडकीला नाक लावून पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड शोधायचीस, "आला!" म्हणून ओरडायचीस, आणि मी पायलटचा सेकंदकाटा बघायचो. 3600 ला सेकंदांनी भागायचं. 60 सेकंद लागले तर वेग 60, 45 लागले तर 80. एसटीनं 45 कधी गाठले नाहीत, खंबाटकीच्या घाटात तर आपण मोजणंच सोडून द्यायचो. तोच भागाकार यांनी स्टीलच्या घड्याळावर तयार करून ठेवलाय. त्या मुलाला मी म्हटलं, हे मला येतं. तो हसला, विश्वास बसला नसावा.

वरचं बटण दाबलं. लांब काटा टुणकन निघाला. मी बघत राहिलो.

किंमत त्याला हळूच विचारली. आईला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. पैसे पाठवू नकोस. आवडलं नाही म्हणून नव्हे हं, आवडलं. तुला स्वतःला घ्यायचं असेल तर अवश्य घे, तुझ्या मनगटाला शोभेल. माझ्या पायलटच्या काचेवर चरे पडलेत, ते टूथपेस्टनं घासून काढतो. पट्टा तेवढा तिकडून आण, काळा, साधा. इथे सगळे शिलाई केलेले दाखवतात.

रिक्षा बंडगार्डनच्या पुलावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो काटा मी थांबवलाच नाही. चावी पूर्ण दिलेली. सोमवारपर्यंत तरी फिरत असेल.

तुझा,
बाबा