कॅमेऱ्याला फोनबुक कशाला?

मा. संपादक,

मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या गोदामाला गेल्या महिन्यात वायफायचा कॅमेरा बसवला. ॲपला आधी लोकेशन हवं, मग फोनमधले सगळे नंबर. ‘नाही’ दाबलं की गाडी पुढे सरकतच नाही. माझ्या फोनमध्ये जतपासून कर्नाटकापर्यंतचे शेतकरी आहेत, हमाल-तोलाईदार आहेत. पोती राखायला त्यांचे नंबर कशाला? बसवणारा पोरगा म्हणतो, “काका, सगळेच ॲलाऊ करतात.” पासवर्डही त्याने कंपनीचाच, एक ते आठ आकडे, तसाच ठेवलेला!

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जवळपास हेच उदाहरण दिलंय, डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपचं. सेवेला फोनबुकची गरज नसेल, तर ग्राहकाने ‘हो’ म्हटलं तरी ती संमती फोनबुकला लागू होत नाही. सूचना मराठीतून वाचायचा पर्यायही द्यावा, असं त्यात आहे. आमच्या ॲपमध्ये सगळं इंग्रजीच.

चित्रण कुठे साठतं, कोण पाहू शकतं, नुसत्या मेमरी कार्डावर कॅमेरा चालतो का, हे कंपन्यांनी खोक्यावरच छापावं. विजेच्या बचतीसाठी फ्रिजवर तारे चिकटवतातच की.

– एक हळद अडते, सांगली