पर्यटन मंत्र्यांना खुलं पत्र: माझी आई दिवसभर पाणी प्यायली नाही

मा. पर्यटन मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, गेल्या आठवड्यात आम्ही मालवणला जाऊन आलो, मी, नवरा, पहिलीतली लेक आणि माझी 71 वर्षांची आई. आईचं माहेर त्याच बाजूचं, पण सिंधुदुर्ग किल्ला तिने आतून कधी पाह्यला नव्हता, आधी घरातून कोणी पाठवलं नाही आणि नंतर गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. यावेळी म्हटलं काहीही होवो, हिला न्यायचंच.

आणि नेलं. होडी लागली की ती वरखाली हलत असते, दोन खलाशांनी तिला दोन्ही हातांना धरून उतरवलं. आत गेल्यावर लेकीने दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी विहिरींची नावं ऐकली आणि विचारलं साखरबावीचं पाणी गोड असतं का. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, तिच्या डोक्यात हे बसेचना. महाराजांच्या हाताचा ठसा दाखवला तर तिने स्वतःचा पंजा हवेत तसाच धरून बघितला. आईच्या डोळ्यात पाणी आलं. एवढं सुंदर चाललेलं सगळं.

दुसऱ्या दिवशी एका किनाऱ्यावर गेलो, नाव लिहीत नाही कारण प्रश्न एका किनाऱ्याचा नाहीच. तिथे सार्वजनिक शौचालय आहे. चांगलं बांधलंय, व्हीलचेअरसाठी उतार आहे, भिंतीवर उद्घाटनाची कोनशिला आहे. आणि तिन्ही दारांना कुलूप. महिलांच्या दाराच्या कुलपाला तर इतका गंज चढलेला की हात लावला तर बोटं तांबडी झाली. चावी कोणाकडे म्हणून विचारत फिरले, एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने एक नंबर दिला, तो स्विच ऑफ. किनाऱ्यावर शंभर तरी माणसं होती, त्यात निम्म्या बायका आणि पोरं, पुरुष सुरूच्या झाडांमागे जात होते, बायकांनी कुठे जायचं?

मी आईला म्हटलं, निदान पाणी तरी पी, ऊन लागतंय. तर म्हणाली, "माका पाणी नको गो, मगे जावचा खंय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सकाळी निघाल्यापासून पाणीच प्यायलेली नाही. काल किल्ल्यावरही प्यायली नव्हती. बाहेर पडायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही, हे तिला आयुष्यभराच्या सवयीने माहीत आहे, मलाही आहे, आणि हे मी माझ्या लेकीला शिकवणार नाही.

दुपारी आईला चक्कर आली. कोकम सरबत विकणाऱ्या एका बाईने स्टॉल तसाच सोडून आम्हाला आपल्या घरी नेलं, संडास दाखवला, बादली भरून दिली, आईला मीठ-साखरेचं पाणी दिलं. पैसे द्यायला गेले तर घेईना. म्हणाली सीझनमध्ये रोज दोन-तीन बायका तरी येतात घरी. साहेब, जे काम सरकारने करायचं ते ती बाई स्वतःच्या विहिरीतल्या पाण्यावर करतेय. डोंबिवलीला परत आल्यावर आईला युरीन इन्फेक्शन निघालं, पाच दिवस अँटिबायोटिक, शेवटच्या दोन रात्री मी तिच्या उशाशी जागी होते. मला खूप राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

सिंधुदुर्ग 1997 ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 2025 ला युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले, त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आहेत, मला खरंच अभिमान वाटला. पण त्याच सिंधुदुर्गाच्या तटात महाराजांच्या काळातले शौचकूप आहेत, ते लेकीने स्वतः बघितले. 1664 ला किल्ल्याचं काम सुरू झालं तेव्हा भर समुद्रात ज्यांना हे सुचलं, त्यांच्या राज्यात आज किनाऱ्यावरच्या दाराला कुलूप!

पोराबाळांना घेऊन जाण्यासारखं आपल्याकडे काय नाही हो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ते बघायला मोठी माणसंपण थांबतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी, वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना, अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाणं, यासाठी कोणाला कोट्यवधींचा प्रकल्प नकोय, हे सगळं आहेच. लागतं काय, तर चालू संडास, प्यायचं पाणी, बसायला सावली आणि भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला एक बोर्ड जो रोज कोणीतरी बदलेल. बांधायला फंड मिळतो, रोज सकाळी दार उघडून फरशी धुणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही, सगळं इथेच अडलंय. रस्त्याचंही तेच, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आता लेक शाळेत जाते आणि आम्ही अजून डायव्हर्जनचे बोर्ड वाचत गाडी चालवतो. टोल आम्ही भरतो, हॉटेलच्या बिलावर जीएसटी भरतो, तीन दिवसात 22 हजार गेले आमचे, त्यातले थोडे त्या फरशीपर्यंत का पोचत नाहीत? आणि आमच्यासारखी कुटुंबं एकदा त्रास झाला की थेट गोव्याला जातात, त्यात नुकसान त्या सरबतवाल्या बाईचं, खानावळवाल्यांचं, होडीवाल्यांचं होतं.

माझं मागणं एवढंच आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शौचालयाच्या दारावर चावी कोणाकडे आहे त्याचं नाव आणि चालू असलेला फोन नंबर लिहा, आणि महिन्यातून एकदा तुमच्या खात्यातल्या कोणीतरी न सांगता जाऊन तो लावून बघा. जाताना घरातल्या बायकांना सोबत न्या.

मे महिन्यात आंब्याला परत जायचंय. आई नको म्हणतेय.

आपली,
डोंबिवलीची एक आई आणि एका आईची लेक